मालकाचें घर, मजुराची चूल : इंग्लंडांतील शेतमजुरांच्या घरांचा इतिहास

ज्युबिलीच्या निमित्तानें निघणाऱ्या स्मरणपुस्तिकेंत देवालयाच्या पायाभरणीची तारीख, घंटेचें वजन, वेदीचा दगड कोठून आणिला, ह्या गोष्टी आदरानें नमूद करण्याचा परिपाठ आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु देवालयाच्या घंटेचा नाद ज्या घरांच्या छपरांवरून जातो, त्या घरांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. राजवाडे, किल्ले व मंदिरें ह्यांच्या शिल्पाविषयीं मोठमोठे ग्रंथ आहेत. ज्यांच्या श्रमावर तीं उभीं राहिलीं त्यांनीं रात्रीं पाठ कोठें टेकली, हा प्रश्न मात्र मागें राहतो. ह्या लेखांत आम्ही इंग्लंड देशाचें उदाहरण घेऊन त्या प्रश्नाचा विचार करणार आहों. तो देश निवडण्याचें कारण इतकेंच कीं, तेथें शेतमजुराच्या घराविषयीं कायदे झाले, नकाशे छापले गेले, सरकारी चौकशा झाल्या, आणि त्यांपैकीं पुष्कळ घरें आजहि उभीं आहेत. त्यामुळें अडीचतीन शतकांचा हिशेब एका नजरेंत घेतां येतो.

इंग्लंडाच्या खेड्याची रचना ध्यानांत घेतल्यावांचून ह्या घरांचा इतिहास उमगणार नाहीं. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तेथील बहुतेक शेतजमीन मोठमोठ्या जमीनदारांच्या हातीं होती. जमीनदार स्वतः नांगर धरीत नसे. तो जमीन खंडानें शेतकऱ्यांस देई, आणि शेतकरी आठवड्याच्या मजुरीवर मजूर ठेवी. ह्या तीन पायऱ्यांपैकीं सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या मजुराजवळ बहुधा ना जमीन असे, ना घर. कित्येक गांवीं तर शेतें, कुरणें, जंगल, खाणावळ आणि मजुरांचीं घरें हीं सर्व एकाच मालकाचीं असत. अशा एकछत्री मालमत्तेस तेथें 'इस्टेट' म्हणतात, आणि मजुराच्या लहान घरास 'कॉटेज'. आज 'कॉटेज' हा शब्द ऐकतांच वेलींनीं वेढलेलें, फुलझाडांच्या मधोमध बसलेलें टुमदार घर डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु मूळ वस्तु फार निराळी होती.

जुनें कॉटेज पुष्कळदां मजुराच्याच हातचें असे. लांकडी सांगाड्यांत कूड घालून त्यावर माती लिंपावयाची, किंवा माती व पेंढा पाण्यांत कालवून, तुडवून, थरावर थर देत जाड भिंत चढवावयाची, आणि वर काडाचें छप्पर शाकारावयाचें, ही त्याची रीत. आमच्याकडील शेतकऱ्यास ती परकी वाटणार नाहीं. खालीं एक खोली, तींत चूल, वर शिडीनें चढावयाचा माळा, जमीन मातीची. इ. स. १५८९ मध्यें एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत असा कायदा झाला कीं, निदान चार एकर जमीन जोडल्यावांचून नवीन कॉटेज बांधूं नये, आणि एका कॉटेजांत एकाहून अधिक कुटुंबें राहूं नयेत. हेतु वरकरणीं चांगला होता. परंतु मजुरास चार एकर देणार कोण? तेव्हां कायद्याकडे काणाडोळा करून, मालकाच्या मेहेरबानीवर, गायरानाच्या कडेस खोपटीं उभीं राहत. हा कायदा १७७५ मध्यें रद्द झाला. परंतु त्याच काळांत पार्लमेंटाच्या कायद्यांनीं एकामागून एक गायरानें कुंपणांत जाऊं लागलीं, आणि मजुराच्या गाईस चरण्यास व खोपटास टेकण्यास जी मोकळी जागा होती ती आटत गेली. आतां त्याचें घर म्हणजे मालक देईल तें.

ह्याच सुमारास उमरावांस एक नवीन हौस जडली. आपल्या वाड्याच्या खिडकींतून हिरवें कुरण, तळें आणि दूरवरचीं झाडेंच दिसावींत; गांवाचा धूर, उकिरडे व कोंबड्या दिसूं नयेत, असें त्यांस वाटूं लागलें. ऑक्सफर्डजवळील न्यूनहॅम कोर्टनी येथें अर्ल हारकोर्ट ह्यांनीं १७६० नंतरच्या दशकांत जुनें गांव हलवून हमरस्त्याच्या दोहों बाजूंस विटांच्या सारख्या जोडघरांच्या रांगा उभारल्या. गोल्डस्मिथ कवीनें १७७० मध्यें ओसाड पडलेल्या गांवावर जें प्रसिद्ध काव्य लिहिलें त्याच्या मुळाशीं हेंच गांव असावें, असें पुष्कळ विद्वान् मानतात. डॉर्सेट परगण्यांतील मिल्टन ॲबस येथील हकीकत तर याहूनहि विलक्षण आहे. तेथें बाजारपेठेचें एक जुनें नगरच लॉर्ड मिल्टन ह्यांच्या वाड्याला लागून होतें. ह्या गृहस्थांनीं घरांचे करार संपतील तसतशीं तीं ताब्यांत घेऊन सबंध नगर पाडलें, आणि १७८० च्या सुमारास डोंगराच्या आड, वाड्यावरून दिसणार नाहीं अशा खोलगट जागेंत, छत्तीस जवळजवळ एकसारखीं कॉटेजें बांधून दिलीं. भिंती कालवलेल्या मातीच्या, छपरें काडाचीं, आणि प्रत्येक इमारत दोन कुटुंबांसाठीं. एका वकिलानें जागा सोडण्याचें नाकारलें तेव्हां तळ्याचें दार उघडून त्याच्या घरांत पाणी सोडलें, अशी आख्यायिका तेथें आजहि सांगतात. मिल्टन ॲबसची ती गल्ली पाहण्यास आज दूरदूरचे प्रवासी येतात, आणि ती खरोखरच सुंदर आहे. परंतु तें सौंदर्य तेथें राहणाऱ्यांनीं मागितलें नव्हतें, हें विसरतां कामा नये.

ह्याच काळीं कांहीं थोड्या माणसांनीं मजुराच्या घराकडे आंतून पाहण्यास आरंभ केला. नॅथॅनियल केंट हा जमिनींचा कारभार पाहणारा जाणता गृहस्थ. त्यानें १७७५ मध्यें जमीनदारांसाठीं एक पुस्तक लिहून, गरिबांच्या मोडक्या खोपटांची लाज मालकांस वाटली पाहिजे, असें स्पष्ट बजावलें व घरांचे नमुनेहि दिले. बाथ शहराचा शिल्पज्ञ धाकटा जॉन वुड ह्यानें १७८१ मध्यें मजुरांच्या घरांच्या नकाशांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्याच्यासाठीं घर बांधावयाचें त्याच्या जागीं मनानें उभें राहिल्यावांचून सोईचें घर रचतां येणार नाहीं, ही त्याची शिकवण होती. म्हणून तो स्वतः झोपड्यांत गेला आणि राहणाऱ्यांसच त्यांच्या अडचणी विचारल्या. त्याचे नियम आजहि वाचण्यासारखे आहेत. जमिनीपासून सोळा ते अठरा इंच उंच जोतें असावें, म्हणजे ओल चढणार नाहीं. खोलीची उंची आठ फुटांहून कमी नसावी. उजेड पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून यावा. दाराशीं आडोसा असावा, म्हणजे वारा थेट चुलीवर येणार नाहीं व अवजारेंहि तेथें ठेवतां येतील. घराची आंतील रुंदी बारा फुटांहून अधिक नसावी. कारण त्याहून अधिक झाली तर केवळ वरच्या अंगास आडव्या लांकडानें जोडलेले वासे भिंतींस बाहेर रेटूं लागतात, आणि तें टाळण्यास लागणारें जड लांकूड गरिबाच्या घरास परवडत नाहीं. घरें जोडीनें बांधावींत, म्हणजे आजारांत शेजाऱ्याचा शेजाऱ्यास उपयोग होईल. प्रत्येक घरास लहानशी बाग असावी. मजुराच्या घराचें शास्त्र येथून सुरू झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु शास्त्राहून हौस प्रबळ ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं 'चित्रासारखें' कॉटेज बांधण्याची चाल पडली. ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट म्हणून नऊ घरांची एक वाडी आहे. जॉन हारफर्ड ह्या सराफाच्या सांगण्यावरून जॉन नॅश ह्या नामांकित शिल्पज्ञानें ती १८११ च्या सुमारास रचली. मध्यें हिरवळ, तींत पंप, सभोंवार नऊ घरें, आणि एकाचें रूप दुसऱ्यासारखें नाहीं; उंच नक्षीदार धुरांडीं, कोठें काडाचें छप्पर, कोठें दगडी कौलें. पुढें डर्बीशायर परगण्यांत डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकांनीं आपल्या चॅट्सवर्थ वाड्याजवळील एडन्सर गांव १८३८ ते १८४२ ह्या काळांत नव्यानें बांधविलें, तेव्हां तेथेंहि घरोघर निराळी धाटणी ठेविली. अशा घरांस टीकाकार खेळणीं म्हणून हंसतात. परंतु ब्लेझ हॅम्लेटविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तीं घरें काम करणाऱ्या नोकरांसाठीं नव्हतीं. म्हातारपणामुळें ज्यांचें काम सुटलें त्यांच्यासाठीं होतीं. सजावटीखालीं झांकलेला हा एक विचार त्या काळच्या पुष्कळ शहाण्या नकाशांत सांपडत नाहीं, आणि आमच्या मतें ह्या साऱ्या इतिहासाचें मर्म तेंच आहे.

आतां आम्हांस ज्या गोष्टीचें विशेष दुःख वाटतें तिच्याकडे वळूं. इंग्रजींत 'पॅरिश' हा शब्द आमच्या धर्मग्रामासाठीं आहे; परंतु तेथें तो सरकारी कारभाराचाहि घटक होता. जुन्या कायद्याप्रमाणें प्रत्येक पॅरिशनें आपापल्या गरिबांस पोसावें, आणि त्यासाठीं जमीनधारकांनीं पट्टी द्यावी, असें बंधन होतें. कोणता गरीब कोणत्या पॅरिशचा, हें १६६२ च्या कायद्यानें ठरविलें होतें. दयेसाठीं केलेल्या ह्या व्यवस्थेचा परिणाम उलटाच झाला. ज्या पॅरिशमध्यें सर्व जमीन एकदोघांच्याच हातीं होती, तेथें त्यांस असें दिसून आलें कीं, मजुराचें घर पाडलें म्हणजे मजूर दुसऱ्या पॅरिशमध्यें राहावयास जातो, आणि तो आजारी किंवा म्हातारा झाल्यावर त्याचा भार आपल्या पट्टीवर पडत नाहीं. अशा 'बंद' पॅरिशांतील घरें कमी होत गेलीं, आणि शेजारच्या 'खुल्या' पॅरिशांत कोंदट, महाग खोल्यांची गर्दी झाली. मजूर मात्र पूर्वींच्याच शेतांत राबावयास जाई. दिवसभराच्या कामावर जाण्यायेण्याची कित्येक मैलांची पायपीट अधिक. ज्या पॅरिशनें गरिबास आसरा द्यावयाचा, तिच्याच नांवानें त्याच्या डोक्यावरील छप्पर काढलें गेलें! अखेर १८६५ च्या कायद्यानें गरिबांचा खर्च एका पॅरिशवर न ठेवतां पॅरिशांच्या संघावर सारखा वांटला, तेव्हां घरें पाडण्यांतला हा फायदा नाहींसा झाला.

त्याच सुमारास सरकारच्या वैद्यकीय खात्याकडून डॉ. हंटर ह्यांनीं शेतमजुरांच्या घरांची पाहणी केली. त्यांनीं तपासलेल्या ५,३७५ कॉटेजांपैकीं २,१९५ घरांत निजण्याची एकच खोली होती, २,९३० घरांत दोन, आणि दोहोंहून अधिक खोल्या असलेलीं घरें अवघीं २५० भरलीं. आणखी असें आढळलें कीं, १८५१ ते १८६१ ह्या दहा वर्षांत ८२१ ठिकाणीं वस्ती शेंकडा सव्वापांचांहून अधिक वाढली असतां घरें मात्र शेंकडा साडेचारांनीं घटलीं होतीं. आईबाप, वयांत आलेलीं मुलें व मुली, आजारी आजी आणि नवें बाळ हीं सर्व एका खोलींत निजत असतील तेथें विषमज्वर एका अंथरुणावरून दुसऱ्यावर जाण्यास किती वेळ लागणार, आणि लाज तरी कशी राखावी, हें आम्हीं सांगावयास नको. तीन निजण्याच्या खोल्या, एक आईबापांची, एक मुलग्यांची व एक मुलींची, ही मागणी सुधारक करूं लागले ती चैनीसाठीं नव्हे, शीलासाठीं होती.

ही मागणी कांहीं मालकांनीं मनावर घेतली. १८५१ च्या लंडनांतील महाप्रदर्शनांत राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स ॲल्बर्ट ह्यांनीं हेन्री रॉबर्ट्स ह्या शिल्पज्ञाकडून मजुरांच्या घरांचा प्रत्यक्ष नमुनाच उभा करविला. तो शहरी मजुरांसाठीं असला तरी तींतील तीन निजण्याच्या खोल्या व पोकळ विटांच्या भिंती पाहून पुष्कळ जमीनदारांनीं धडा घेतला. बेडफर्डच्या सातव्या ड्यूकांनीं आपल्या जमिनीवर साधीं, घट्ट बांधणीचीं विटांचीं घरें मोठ्या प्रमाणावर बांधविलीं. दर्शनी भिंतीवर मुकुट, त्याखालीं 'बी' हें अक्षर आणि बांधणीचें साल, अशी त्यांची खूण आजहि त्या भागांत दिसते. परंतु असे मालक थोडे. ह्याचें कारण हिशेबांत आहे. चांगलें घर बांधण्यास १३० पौंड पडले, आणि दहाबारा शिलिंग मिळविणाऱ्या मजुरापासून आठवड्यास दीड शिलिंग भाडें आलें, तर वर्षाचे ७८ शिलिंग, म्हणजे चार पौंडांहून कमी. हें व्याज शेंकडा तीनच्या आसपास; त्यांतून डागडुजी वजा करावयाची. मजुरी कमी म्हणून भाडें कमी, भाडें कमी म्हणून घर वाईट, असें हें चक्र होतें. चांगलें घर मिळालें तर तें मालकाच्या उदारपणामुळें. आणि उदारपणावर मिळालेली वस्तु परत मागतांहि येते.

येथेंच ह्या घरांचा सर्वांत मोठा दोष होता, आणि तो नकाशांत दिसत नाहीं. घर कामाशीं बांधलेलें होतें. काम सुटलें कीं घर सुटलें. पाय मोडला, धनी रागावला किंवा नवरा मेला कीं त्या कुटुंबानें खोली रिकामी करावयाची, कारण तेथें पुढचा गाडीवान यावयाचा असे. वॉरिकशायर परगण्यांतील बारफर्ड गांवचा जोसेफ आर्च (जन्म १८२६) हा शेतमजूर ह्या जाचाविरुद्ध उभा राहूं शकला, ह्याचें एक कारण असें कीं, त्याचें लहानसें घर त्याच्या वडिलार्जित मालकीचें होतें. त्यास घराबाहेर काढण्याची भीति कोणी घालूं शकत नव्हता. ७ फेब्रुवारी १८७२ च्या रात्रीं वेल्सबर्न गांवीं एका मोठ्या चेस्टनट वृक्षाखालीं तो बोलावयास उभा राहिला, तेव्हां शेंकडों मजूर अंधारांतून चालत आले. त्याच वर्षीं मजुरांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. डिसेंबरांत लंडनच्या एक्झेटर हॉलमध्यें त्यांच्या पाठिंब्यासाठीं सभा भरली, तींत वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप मॅनिंग ह्यांनीं मजुरांची बाजू मांडिली. कॅथलिक होण्यापूर्वीं ते ससेक्सच्या खेड्यांत कित्येक वर्षें अँग्लिकन धर्माधिकारी होते; तेव्हां शेतमजुराचें जिणें त्यांस ऐकून नव्हे, पाहून ठाऊक होतें. १८७४ सालीं पूर्वेकडील परगण्यांत शेतकऱ्यांनीं संघाच्या हजारों मजुरांस कामावरून बंद केलें. ज्याचें घर त्याच धन्याचें, त्यानें अशा वेळीं किती दिवस तग धरावा? तो लढा मजूर हरले. पुढें आर्च पार्लमेंटांत निवडून गेला. परंतु घराचा प्रश्न तसाच राहिला. १८९१ च्या पत्रांत परमगुरु तेरावे लिओ ह्यांनीं, मजुरास काटकसरीनें कांहीं मालमत्ता जोडतां येईल एवढें वेतन मिळालें पाहिजे, असें जें शिकविलें, त्याचा अर्थ आर्चच्या घराकडे पाहिलें असतां सहज कळतो.

आमच्या वाचकांस हें बंधन अगदींच अपरिचित नसावें. गोव्यांत भाटकाराच्या माडांच्या बागेंत घर करून राहणारा मुंडकार ह्याच प्रकारच्या परस्वाधीनतेंत पिढ्यान्‌पिढ्या राहिला. भिंती त्याच्या हातच्या असल्या तरी जमीन दुसऱ्याची, आणि भाटकाराची मर्जी फिरली कीं चूल उचलावी लागे. त्यास हुसकावून लावण्यास प्रतिबंध करणारा कायदा गोव्यांत १९७५ मध्यें झाला. योगायोग असा कीं, इंग्लंडांतील शेतमजुरास तसेंच संरक्षण देणारा कायदा त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९७६ मध्यें आला.

तेथवर इंग्लंडास कसें येतां आलें, तें थोडक्यांत सांगतों. १९०५ मध्यें लेचवर्थ येथें दीडशें पौंडांत बांधतां येणाऱ्या कॉटेजांचें प्रदर्शन भरलें. परंतु स्वस्त बांधणीनें मालकीचा प्रश्न सुटला नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या कायद्यानें स्थानिक मंडळांवर घरें बांधण्याची जबाबदारी टाकली व सरकारी मदत दिली. तेव्हांपासून खेड्यांच्या कडेस मंडळाचीं घरें दिसूं लागलीं. तीं दिसावयास साधीं असत. परंतु धनी बदलला म्हणून भाडेकऱ्यास घर सोडावें लागत नसे. १९७६ च्या कायद्यानें ठराविक काळ शेतावर काम केलेल्या मजुरास, आणि त्याच्या पश्चात् त्याच्या विधवेस, धन्याच्या घरांतहि राहण्याचा हक्क मिळाला. मधल्या काळांत झालेलें एक लहानसें काम आम्हांस विशेष प्रिय आहे. मिल्टन ॲबस ज्या डॉर्सेट परगण्यांत आहे, त्याच परगण्यांतील टॉलपडल गांवच्या सहा मजुरांस, संघ करण्यासाठीं शपथ घेतली म्हणून, १८३४ मध्यें काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. त्या गोष्टीस शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९३४ मध्यें, तेथील कामगार संघांच्या महामंडळानें त्यांच्या स्मरणार्थ पुतळे न उभारतां, थकलेल्या शेतमजुरांसाठीं सहा कॉटेजें बांधलीं.

आज जुन्या इस्टेटींतील पुष्कळ कॉटेजें शहरच्या सधन लोकांनीं विकत घेतलीं आहेत. ज्या भिंतींत दहा माणसें दाटीनें निजत, तेथें आतां सुटीपुरते दोघे येतात, आणि त्याच गांवांत राबणाऱ्या तरुणास तेथें घर घेणें परवडत नाहीं. घरें सुधारलीं, ज्यांच्यासाठीं तीं सुधारावयाचीं होतीं ते मात्र पुष्कळ ठिकाणीं बाहेरच राहिले.

ह्या सर्व इतिहासावरून मजुराच्या घराची परीक्षा तीन प्रकारें करावी असें आम्हांस वाटतें. रस्त्यावरून तें कसें दिसतें, ही पहिली. ती लॉर्ड मिल्टन ह्यांचें गांवहि उत्तीर्ण होतें. आंत ओल, उजेड व निजण्याची सोय कशी आहे, ही दुसरी. ती वुडनें शिकविली व बेडफर्डनें पाळली. राहणाऱ्याचे हात थकल्यावर त्यास तेथें राहतां येईल काय, ही तिसरी. ती उत्तीर्ण होणारीं घरें फार थोडीं. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीच्या वर्षाची जी आज्ञा आहे तींत उत्सवाबरोबर एक स्पष्ट व्यवहारहि सांगितला आहे : पन्नासाव्या वर्षीं प्रत्येकानें आपल्या वतनावर परत जावें. आमच्याहि धर्मग्रामांत कोणाची वाडी राखणारा, कोणाच्या घरीं राबणारी, कोणाच्या शेतावरील खोलींत संसार मांडलेला असा कोणी ना कोणी असतोच. त्याच्या खोलीचें छप्पर गळतें काय, हें तर पाहावेंच. परंतु त्याच्या म्हातारपणीं ती खोली कोणाची, हेंहि ह्या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक मालकानें त्याच्याशीं बसून ठरवावें, आणि ठरलेलें लिहून द्यावें, अशी आमची नम्र विनंति आहे.